जगात एकाच ठिकाणी सापडणाऱ्या प्रजाती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादा बेडूक जगात फक्त एका घळीत असतो. एखादा मासा एकाच कुंडात, एखादं झुडूप एकाच डोंगराच्या एका उतारावर. हे पहिल्यांदा कळल्यावर बहुतेकांच्या मनात येणारे प्रश्न साधारण सारखेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना बराच वेळ लागतो.

प्रदेशनिष्ठ प्रजाती म्हणजे काय? स्थानिक प्रजाती म्हणजे तेच ना?

नाही, आणि ही गल्लत फार होते. स्थानिक किंवा देशी म्हणजे त्या ठिकाणी निसर्गतः असणारी. ती आणखी शंभर ठिकाणीही असू शकते. प्रदेशनिष्ठ म्हणजे त्या प्रदेशात असणारी आणि बाकी जगात कुठेही नसणारी. वडाचं झाड आपल्याकडचं स्थानिक आहे, पण प्रदेशनिष्ठ नाही. आंबोलीचा टोड मात्र आंबोलीच्या परिसराबाहेर सापडत नाही, म्हणून तो प्रदेशनिष्ठ.

‘प्रदेश’ किती मोठा धरायचा याला बंधन नाही. कांगारू ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीच्या भागाला प्रदेशनिष्ठ आहेत असं म्हटलं तरी ते बरोबरच आहे. इथे आपण बोलणार आहोत ते याच्या अगदी दुसऱ्या टोकाबद्दल, म्हणजे ज्यांचं सगळं जग चालत तासाभरात, कधी कधी पाच मिनिटांत, ओलांडता येतं त्यांच्याबद्दल.

‘जाती’ म्हणायचं की ‘प्रजाती’?

मराठी विश्वकोशात स्पीशीजसाठी ‘जाती’ आणि जीनससाठी ‘प्रजाती’ वापरलं आहे. रोजच्या लिखाणात मात्र स्पीशीजसाठी ‘प्रजाती’ हाच शब्द रुळला आहे, म्हणून इथेही तोच ठेवला आहे.

किती लहान जागा म्हणजे ‘अगदी लहान’?

कोण मोजतंय त्यावर आहे. पक्ष्यांच्या बाबतीत बर्डलाइफ ही संस्था ५०,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी क्षेत्रात राहणाऱ्या पक्ष्याला ‘मर्यादित क्षेत्राचा’ म्हणते. पक्षी उडतात, म्हणून त्यांना ही एवढी मोठी पट्टी लावली जाते. गोगलगाय, गुहेतला कोळी किंवा कड्यावरची वनस्पती यांच्यासाठी ती पट्टी निरुपयोगी आहे.

आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची संकटातल्या प्रजातींची लाल यादी असते. त्या यादीत दोन वेगळी मापं आहेत. प्रजाती जिथे जिथे आढळते त्या सगळ्या बिंदूंभोवती रेघ ओढली की आत येईल ते आढळक्षेत्र. आणि त्या रेघेच्या आत ती प्रत्यक्षात जिथे राहते तेवढंच धरलं की ते व्यापलेलं क्षेत्र. हे दुसरं माप काढताना नकाशावर २ किलोमीटर बाय २ किलोमीटरचे चौकोन आखतात आणि किती चौकोनांत प्रजाती आहे ते मोजतात. त्यामुळे एखादं झुडूप फक्त अर्ध्या एकरात असलं तरी कागदावर त्याचं क्षेत्र ४ चौरस किलोमीटर दिसतं. आकडेवारी वाचताना हे लक्षात ठेवा. कागदावरच्या ‘४ चौरस किलोमीटर’चा अर्थ पुष्कळदा ‘एकच जागा’ एवढाच असतो.

खरा लहानपणा बघायचा तर अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटातलं डेव्हिल्स होल बघावं. खडकातल्या एका भेगेत कोमट पाणी भरलेलं आहे, साधारण ३३-३४ अंश सेल्सियस. भेग खाली शंभर मीटरहून अधिक खोल जाते, पण एका बाजूला पाण्याखाली एक उथळ खडकाळ ओटा आहे, सुमारे साडेतीन मीटर बाय पाच मीटरचा. एका खोलीएवढा. डेव्हिल्स होल पपफिश हा बोटाच्या पेरापेक्षा फार मोठा नसलेला निळसर मासा याच ओट्यावरचं शेवाळ खातो आणि याच ओट्यावर अंडी घालतो. आयुष्य सुमारे एक वर्षाचं. वर्षातून दोनदा संशोधक पाण्यात उतरून आणि काठावर बसून त्यांची मोजदाद करतात, एकेक मासा, डोळ्यांनी. संपूर्ण प्रजातीची जनगणना अशी एकदोन दिवसांत उरकते.

एवढ्याशा जागेत नवी प्रजाती तयारच कशी होते?

वेगळं पडल्यामुळे. बाकीच्या नात्यातल्यांशी संकर थांबला आणि तो हजारो पिढ्या थांबलेला राहिला, की दोन्हीकडची मंडळी आपापल्या वाटेने बदलत जातात.

बेट म्हटलं की समुद्रातलं बेटच डोळ्यांसमोर येतं, पण कोरड्या जमिनीवरही बेटं असतात. थंड हवेच्या प्राण्याला डोंगरमाथा हे बेट आहे, कारण खालची उष्ण दरी त्याला ओलांडता येत नाही. गोड्या पाण्यातल्या माशाला तळं हे बेट आहे. कॅमेरूनमधलं बरोम्बी म्बो हे ज्वालामुखीच्या मुखात साचलेलं तळं अवघं चारपाच चौरस किलोमीटरचं आहे, आणि त्यात सिक्लिड माशांच्या ११ प्रजाती अशा आहेत ज्या दुसरीकडे कुठेच नाहीत. रुमानियातली मोविले गुहा तर लाखो वर्षं बाहेरच्या जगापासून बंद होती. १९८६ मध्ये एका बांधकामासाठी जमीन तपासताना ती उघडी पडली. आत सूर्यप्रकाश नाही. सगळी अन्नसाखळी गंधकयुक्त पाण्यातल्या रसायनांवर जगणाऱ्या जिवाणूंवर उभी आहे. तिथे सापडलेल्या प्रजातींपैकी तीसहून अधिक फक्त त्या गुहेतल्या आहेत.

मातीसुद्धा बेट बनवते. सर्पेंटाइन खडकापासून बनलेल्या मातीत कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम भरपूर, वर निकेलसारखे जड धातू. बहुतेक झाडं तिथे खुरटतात किंवा मरतात. ज्या थोड्या वनस्पतींनी ते विष पचवायला शिकून घेतलं, त्यांना तिथे स्पर्धाच उरत नाही. सह्याद्रीतल्या जांभ्या खडकाच्या सड्यांचंही असंच आहे. पावसाळ्याचे चार महिने चिखल आणि पाणी, उरलेलं वर्षभर तापलेला उघडा कातळ, आणि मातीचा थर जेमतेम बोटभर. सड्यावरच्या डबक्यांत वाढणारा वायतुरा खालच्या जंगलात सापडत नाही, कारण ते जंगल त्याच्यासाठी परकं आहे.

म्हणजे या सगळ्या नव्याने तयार झालेल्या प्रजाती असतात?

काही नव्या, काही फार जुन्या. अभ्यासक त्यांना नवप्रदेशनिष्ठ आणि पुराप्रदेशनिष्ठ म्हणतात. नव्या प्रजाती अजून पसरलेल्याच नसतात. जुन्या एके काळी दूरवर पसरलेल्या होत्या, आता एका कोपऱ्यात उरल्या आहेत.

जुन्यांचं ठळक उदाहरण म्हणजे वोलेमी पाइन. १९९४ मध्ये सिडनीच्या वायव्येकडच्या डोंगराळ भागात एका अरुंद घळीत उतरलेल्या वनरक्षकाला अनोळखी झाडं दिसली. या झाडाचे अगदी जवळचे नातेवाईक तोपर्यंत जीवाश्मांतूनच माहीत होते. निसर्गात त्याची मोठी झाडं शंभराच्या आतच आहेत.

न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावरच्या रेन पक्ष्याची गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते: दीपगृहाच्या रखवालदाराच्या मांजरीने १८९४ च्या सुमारास एक अख्खी प्रजाती संपवली. गोष्ट ऐकायला चटकदार आहे, पण दोन ठिकाणी सुधारायला हवी. बेटावर एक मांजर नव्हती, मांजरी झाल्या होत्या. आणि हा पक्षी मुळात त्या दीड चौरस किलोमीटरच्या बेटाचा नव्हताच. त्याची हाडं न्यूझीलंडच्या दोन्ही मोठ्या बेटांवर सापडली आहेत. माणसाबरोबर आलेल्या उंदरांनी त्याला तिथून आधीच संपवलं होतं, स्टीफन्स बेट हा त्याचा शेवटचा आसरा होता. म्हणून कुठल्याही प्रजातीची आजची जागा लहान दिसली की आधी विचारावं: ही मुळातच लहान आहे, की आपण लहान केली?

दुर्मीळ आणि प्रदेशनिष्ठ यांत फरक काय?

डेबोरा रॅबिनोविट्झ या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये तीन प्रश्न सुचवले. प्रजाती किती दूरवर पसरली आहे? ती किती प्रकारच्या अधिवासांत राहते? आणि जिथे आहे तिथे तिची संख्या किती? या तिन्हींच्या जोड्या लावल्या की दुर्मीळपणाचे सात प्रकार निघतात. लहान जागेत राहूनही प्रजाती तिथे खच्चून भरलेली असू शकते. ब्राझीलच्या किनाऱ्यालगतच्या केमादा ग्रांदे बेटावरचा सोनेरी लान्सहेड हा विषारी साप जगात इतरत्र नाही आणि ते बेट अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही लहान आहे. तिथे मात्र तो हजारोंनी आहे.

क्षेत्र लहान म्हणजे प्रजाती धोक्यात, असं समजायचं का?

नाही. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. लहान जागा हा आजार नाही. पपफिश त्या एका खोलीएवढ्या ओट्यावर हजारो वर्षं व्यवस्थित जगला आहे.

लाल यादीही हेच मानते. आढळक्षेत्र १०० चौरस किलोमीटरपेक्षा किंवा व्यापलेलं क्षेत्र १० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असलं, तरी तेवढ्यावर प्रजाती ‘अतिसंकटग्रस्त’ ठरत नाही. त्याबरोबर अधिवास तुटक झालेला असणं, सतत घट होत असणं किंवा संख्येत टोकाचे चढउतार असणं, अशांपैकी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. एका प्रकारात सवलत आहे. व्यापलेलं क्षेत्र २० चौरस किलोमीटरपेक्षा कमी किंवा ठिकाणं पाच किंवा त्याहून कमी असली, आणि एखादा खरोखर शक्य असलेला धोका समोर दिसत असला, तर घट सुरू होण्याआधीच प्रजातीला ‘असुरक्षित’ म्हणता येतं. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. घट दिसेपर्यंत थांबायला इथे वेळच नसतो.

संख्या खालीवर होणं हेही काही वेळा नैसर्गिकच असतं. केप व्हर्देच्या राझो या सात चौरस किलोमीटरच्या कोरड्या बेटावरचा चंडोल पावसाच्या मागे जातो. या शतकाच्या सुरुवातीला तो शंभराच्याही खाली होता, चांगला पाऊस झाल्यावर हजाराच्या वर गेला. २०१८ मध्ये काही पक्षी शेजारच्या सांता लुझिया बेटावर नेऊन सोडले, म्हणजे सगळा डाव एकाच बेटावर राहणार नाही.

मग धोका नेमका कुठून येतो?

एका घटनेतून. मोठ्या प्रदेशात पसरलेल्या प्रजातीला एक धरण, एक वणवा, एक रोग एका कोपऱ्यात गाठतो. जिला एकच कोपरा आहे तिला तो पूर्ण गाठतो. हे समजून घ्यायला किहान्सीचा टोड बघावा, कारण त्याच्या कहाणीत जवळजवळ सगळं आहे.

टांझानियातल्या उद्झुंग्वा डोंगरांत किहान्सी नदी उंच कड्यावरून घळीत कोसळते. पाणी खडकांवर आपटून त्याचे तुषार उडत राहायचे, रात्रंदिवस, बारा महिने. त्या तुषारांनी कायम भिजलेली, शेवाळाने आणि गवताने झाकलेली जागा सगळी मिळून सुमारे दोन हेक्टर. तेवढ्यात हा टोड राहायचा. पिवळाधमक, पूर्ण वाढलेला नर जेमतेम दोन सेंटिमीटरचा. त्याची मादी पाण्यात अंडी घालत नाही. ती जिवंत पिल्लं देते, तांदळाच्या दाण्याएवढी. वाहत्या, आदळत्या पाण्याजवळ अंडी आणि बेडूकमासे टिकले नसते, त्यावर निसर्गाने शोधलेला हा मार्ग.

विज्ञानाला तो १९९६ मध्ये सापडला, आणि सापडला तो धरणामुळेच. वीजप्रकल्पाचं काम सुरू असताना घळीची पाहणी झाली होती. २००० मध्ये प्रकल्प सुरू झाला, नदीचं सुमारे ९० टक्के पाणी वळवलं गेलं, आणि तुषार थांबले. त्याच वर्षी ४९९ टोड पकडून अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांकडे पाठवले गेले. घळीत पाइप टाकून कृत्रिम तुषार सोडायची सोय झाली, आणि काही काळ ती चालली. २००३ च्या मध्यापर्यंत संख्या वीस हजारांच्या आसपास गेली. मग काही आठवड्यांत सगळं कोसळलं. त्याच सुमाराला बेडकांना मारणाऱ्या कायट्रिड बुरशीचा रोग तिथे पोचला होता, धरणातला गाळ सोडला गेला होता आणि तुषारांची यंत्रणाही नीट चालत नव्हती. यातलं नेमकं कशाने किती नुकसान केलं हे वेगळं काढता येत नाही. पुढच्या वर्षी मोजके टोड दिसले, नंतर एकही नाही. २००९ मध्ये तो निसर्गातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

परदेशात काचेच्या पेट्यांमधल्या टोडांनी मात्र तग धरला. सुरुवातीला तेही भराभर मेले. त्यांचं खाणं, प्रकाश, ओलावा हे सगळं शिकत शिकत जमवावं लागलं. २०१२-१३ मध्ये त्यांचे वंशज पुन्हा त्या घळीत सोडले गेले, आजही कृत्रिम तुषारांच्या आधाराने. निसर्गातून नामशेष जाहीर झालेला उभयचर परत आपल्या जागी सोडला गेल्याची ही पहिली वेळ.

धरणाशिवाय इतर कारणं म्हणजे बाहेरून आलेले प्राणी (बेटांवर उंदीर, मांजरी, बकऱ्या), खाणकाम, भूजलाचा उपसा, आणि संग्राहक. शेवटच्याबद्दल पुढे येईलच.

हवामानबदलाचा यांच्यावर जास्त परिणाम होतो का?

होतो, कारण सरकायला जागा नसते. पसरलेली प्रजाती हळूहळू वर किंवा ध्रुवाकडे सरकते. डोंगरमाथ्यावर असलेल्याने वर कुठे जायचं?

ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्यामधल्या सामुद्रधुनीत ब्रॅम्बल के नावाचं वाळूचं बेट आहे, चारपाच हेक्टरचं, भरतीच्या पाण्यापेक्षा जेमतेम तीन मीटर उंच. तिथे मेलोमिस नावाचा एक उंदीर राहायचा. वादळी लाटा वारंवार बेटावर चढल्या, खाण्यापुरतं जे हिरवं होतं तेही खारावून गेलं. २००९ मध्ये तो शेवटचा दिसला. मानवनिर्मित हवामानबदलामुळे नामशेष झालेला हा पहिला सस्तन प्राणी मानला जातो.

ती प्रजाती खरंच तेवढ्याच जागेत आहे हे कशावरून?

हा फार चांगला प्रश्न आहे आणि तो संशोधकांनाही छळतो. ‘इतरत्र नाही’ आणि ‘इतरत्र कुणी बघितलं नाही’ यांतला फरक ओळखायला वर्षं लागतात.

इक्वेडोरमधल्या सेंटिनेला डोंगररांगेचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. तिथलं ढगांचं जंगल तोडून शेती झाली, आणि जगात फक्त तिथेच असलेल्या सुमारे ९० वनस्पती एका फटक्यात नष्ट झाल्या असं मानलं गेलं. नोंद होण्याआधीच मूकपणे नष्ट होण्याला ‘सेंटिनेलन विलोपन’ असं नावच पडलं. मग संशोधकांनी अनेक देशांतल्या वनस्पतिसंग्रहांतले नमुने आणि उरलेसुरले जंगलाचे तुकडे पुन्हा तपासले. २०२४ मध्ये निष्कर्ष आला की त्यातल्या जवळजवळ सगळ्या वनस्पती इतर ठिकाणीही सापडल्या आहेत.

याचा अर्थ जंगलतोडीने काही बिघडलं नाही असा काढू नये. ते जंगल गेलं, हे खरंच आहे. पण ‘जगात फक्त इथेच’ हे वाक्य लिहिण्याआधी शेजारच्या डोंगरावर पावसाळ्यात, हिवाळ्यात, रात्री जाऊन यायला हवं. काही कंद वर्षातले काही आठवडेच जमिनीवर दिसतात, काही बेडूक पहिल्या पावसाच्या मोजक्या रात्रीच ओरडतात. हल्ली पाण्याच्या नमुन्यातला डीएनए तपासूनही शोध घेता येतो. प्राणी दिसला नाही तरी त्याच्या त्वचेचे, विष्ठेचे अंश पाण्यात असतात.

उलटंही घडतं. दूरवर पसरलेली एकच प्रजाती समजलेली गोष्ट नीट तपासल्यावर पाच प्रजाती निघतात, आणि त्यातली प्रत्येक एकेका दरीपुरती असते. गॅलापागोसमधला गुलाबी इग्वाना हा मोठा सरडा १९८६ मध्ये पहिल्यांदा नजरेस आला. तो वेगळी प्रजाती आहे हे ठरायला २००९ उजाडलं. तो इसाबेला बेटावरच्या वुल्फ या एकाच ज्वालामुखीवर राहतो.

नामशेष मानलेली प्रजाती परत सापडल्याची उदाहरणं आहेत?

आहेत, आणि त्यातलं माझं सगळ्यात आवडतं ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाव बेटावरच्या काडीकिड्याचं. हा काळा, जाडजूड, पंख नसलेला, वीतभर लांबीचा कीटक. १९१८ मध्ये एक जहाज बेटाजवळ खडकावर चढलं, त्यातले उंदीर उतरले आणि थोड्याच वर्षांत कीटक दिसेनासा झाला.

त्या बेटापासून २३ किलोमीटरवर बॉल्स पिरॅमिड नावाचा एक सुळका समुद्रातून सरळ वर आला आहे, साडेपाचशे मीटरहून उंच. झाडोरा जवळजवळ नाहीच. गिर्यारोहकांना तिथे या कीटकांची मेलेली शरीरं दिसल्याच्या जुन्या नोंदी होत्या. २००१ मध्ये काही जण मुद्दाम शोधायला गेले. दिवसा त्यांना कड्यावरच्या एका झुडपाखाली मोठ्या कीटकाची ताजी विष्ठा दिसली. कीटक निशाचर, म्हणजे रात्रीच बघायला हवं. अंधारात, टॉर्च घेऊन, तो निसटता उतार पुन्हा चढून गेले, आणि त्या झुडपावर ते होते. सगळे मिळून २४. जगातली त्या प्रजातीची तेव्हा माहीत असलेली सगळी संख्या एका झुडपाच्या आधाराने जगत होती.

२००३ मध्ये दोन जोड्या खाली आणल्या. मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात त्यांची पैदास हजारोंवर गेली. सुळक्यावरचे कीटक जुन्या नमुन्यांपेक्षा थोडे वेगळे दिसत, म्हणून शंका होती. २०१७ मध्ये डीएनएने ती मिटवली. २०१९ मध्ये लॉर्ड हाव बेटावर उंदरांच्या निर्मूलनाची मोठी मोहीमही झाली.

एकाच जागी धोका आहे तर दुसरीकडे नेऊन का सोडत नाहीत?

नेतात, पण ते वाटतं तितकं सोपं नाही. पपफिशसाठी डेव्हिल्स होलजवळ त्या ओट्याची हुबेहूब प्रतिकृती असलेली मोठी टाकी बांधली आहे, तेच तापमान, तसाच उथळ भाग. ती उपयोगी पडते. २०२४ च्या वसंतात मूळ जागी १९१ मासे मोजले गेले होते, पंचवीस वर्षांतली सर्वांत मोठी संख्या. त्यानंतरच्या भूकंपांनी कुंडातलं पाणी हिंदकळलं, ओट्यावरचं शेवाळ आणि अंडी धुऊन गेली, आणि २०२५ च्या सुरुवातीला ३८ मासे उरले. अशा वेळी टाकीतले मासे हाताशी असणं म्हणजे जीवच वाचणं.

तरी नव्या जागी सोडलेली प्रजाती तिथल्या दुसऱ्या कुणाच्या मुळावर येऊ शकते. नवा रोग बरोबर जाऊ शकतो. काही वेळा तर नेण्यासारखं फार उरलेलंच नसतं. दक्षिण आफ्रिकेतल्या ओंगोये जंगलात १८९५ मध्ये वुड्स सायकॅड हे ताडासारखं दिसणारं झाड सापडलं, एकच. तो नर होता. सायकॅडमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि मादी आजवर कुणालाही मिळालेली नाही. जगभरच्या उद्यानांतले सगळे वुड्स सायकॅड त्याच एका नराचे फुटवे आहेत. शंभराहून अधिक वर्षं झाडं जिवंत आहेत, आणि प्रजाती तिथेच थांबली आहे.

हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावरच्या काफे मारों या झुडपाचं नशीब थोडं बरं. १९८० च्या सुमारास एकच झाड उरलेलं मिळालं. फांद्या लंडनजवळच्या क्यू उद्यानात नेऊन रुजवल्या. वर्षानुवर्षं फुलं यायची, पण बी धरत नव्हतं. अनेक प्रयोगांनंतर २००३ मध्ये पहिल्यांदा बी मिळालं.

एका बोटभर माशासाठी किंवा झुडपासाठी माणसांची कामं अडवणं योग्य आहे का?

डेव्हिल्स होलच्या बाबतीत हा प्रश्न थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आसपासच्या शेतीसाठी भूजल उपसलं जात होतं, कुंडातली पातळी उतरत होती आणि तो ओटा उघडा पडायला लागला होता. १९७६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की १९५२ मध्ये ही जागा संरक्षित केली तेव्हाच तिथला मासा टिकण्यापुरत्या पाण्यावरचा हक्कही राखला गेला, म्हणून उपशावर मर्यादा येईल. सगळा उपसा बंद करा असं न्यायालयाने म्हटलं नाही, ओटा पाण्याखाली राहील एवढं पाणी ठेवा असं म्हटलं.

दुसरं उदाहरण याहून अवघड आहे. त्याच नेवाडात टीम्स बकव्हीट हे पिवळ्या फुलांचं रोपटं सुमारे चार हेक्टर जागेत आहे, लिथियम आणि बोरॉनच्या मातीत. लिथियम बॅटऱ्यांना हवं, बॅटऱ्या स्वच्छ ऊर्जेला हव्या. २०२२ मध्ये त्या रोपट्याला संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं, २०२४ मध्ये शेजारच्या खाणीलाही परवानगी मिळाली. दोन्ही बाजूंना पर्यावरणाचंच कारण आहे.

माझं मत विचाराल तर असं: खाण थोडी सरकवता येते, पाण्याचा उपसा कमी करता येतो, धरणाचा आराखडा बदलता येतो. खर्च वाढतो, हे मान्य. रोपट्याला सरकता येत नाही. म्हणून आधी सरकायची पाळी आपली.

अशी एक प्रजाती गेली तर नेमकं काय बिघडतं?

प्रत्येक वेळी काहीतरी मोठं कोसळेल असं सांगणं खरं होणार नाही. पपफिश गेला तर बाहेरच्या वाळवंटाला कळणारही नाही. पण एका उष्ण, कमी प्राणवायूच्या पाण्यात कसं जगायचं, किंवा आदळत्या धबधब्याशेजारी पिल्लं कशी वाढवायची, याची उत्तरं त्या एका शरीरात असतात आणि ती दुसरीकडे लिहिलेली नसतात. मला तेवढं कारण पुरतं.

अशा जागा वाचवणं सोपं की अवघड?

जागेपुरतं बोलायचं तर सोपं. हत्ती किंवा वाघाला शेकडो चौरस किलोमीटर लागतात, इथे कधी एक कुंपण पुरतं. आंबोलीतल्या हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळच्या कुंडात २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी हा छोटा रंगीत मासा नव्याने नोंदवला गेला, आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने सुमारे दोन हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. याच विचाराने ‘अलायन्स फॉर झीरो एक्स्टिंक्शन’ ही आघाडी जगभरातल्या अशा जागांची यादी करते, जिथे एखाद्या संकटग्रस्त प्रजातीची ९५ टक्के किंवा त्याहून अधिक संख्या एकाच ठिकाणी आहे.

अवघड असतं ते कुंपणाबाहेरचं. कुंडाचं पाणी कुंपणाच्या आत तयार होत नाही. ते वरच्या डोंगरातून, खालच्या खडकातून येतं.

मला अशी वनस्पती किंवा प्राणी दिसला तर फोटो टाकू का?

फोटो जरूर घ्या, पण नेमकं ठिकाण उघड करू नका. मोबाइलच्या फोटोत अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. टाकण्याआधी ते काढून टाका. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर संकटग्रस्त प्रजातींचं ठिकाण आपोआप धूसर केलं जातं, तिथे नोंद करणं चांगलं. नवी प्रजाती जाहीर झाली की काही महिन्यांत संग्राहक तिथे पोचल्याची उदाहरणं आहेत, विशेषतः ऑर्किड, सरडे आणि मांसल पानांच्या वनस्पतींच्या बाबतीत. तोडू नका, उपटून घरी आणू नका. ते घरी जगणार नाही.

आणि बघायला जावंसं वाटलं तर?

जिथे जायला रीतसर परवानगी आहे तिथे, आखलेल्या वाटेनेच. २०१६ मध्ये तिघे जण डेव्हिल्स होलचं कुंपण ओलांडून आत शिरले, त्यातला एक ओट्यावरच्या पाण्यात उतरला. नंतर एक मासा मेलेला आढळला आणि त्या माणसाला तुरुंगवास झाला.

वोलेमी पाइनची जागा अजूनही गुप्त ठेवली आहे. २०१९-२० च्या वणव्यात अग्निशामकांना हेलिकॉप्टरमधून घळीत उतरवून, पाण्याच्या नळ्या टाकून ती झाडं वाचवावी लागली. पण आग हा एकच धोका नव्हता. २००५ मध्ये तिथल्या मातीत मुळं कुजवणारी, बुरशीसारखी फायटोप्थोरा सापडली. ती बहुधा परवानगीशिवाय आलेल्या कुणाच्या तरी बुटांबरोबर आली होती. म्हणून डोंगरावर जाण्याआधी आणि आल्यावर बूट घासून धुवा, तळव्याच्या खाचांतली माती ब्रशने काढा, पूर्ण वाळू द्या. एका ठिकाणची माती दुसऱ्या ठिकाणी नेऊ नका, चिमूटभरसुद्धा.